बंदा रुपया

धनत्रयोदशीच्या आदल्या सायंकाळी पवईच्या तलावाकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, जुना पितळी डबा उघडला गेला. घरचे आजोबा त्याच वर्षी वैशाखात निवर्तले होते. बार्शीच्या बाजारात भुसार मालाची आडत चालवण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले आणि शेवटची बारा वर्षे ते थोरल्या मुलाकडे पवईला राहिले. दुकान गेले, गोदाम गेले, वखारीची जागाही विकली गेली. डबा मात्र त्यांच्याबरोबर मुंबईला आला. वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या दिवशी, तो बाहेर येई. रुपयांना दुधापाण्याने स्नान घातले जाई, हळदकुंकू वाहिले जाई आणि पाडव्याला ते पुन्हा आत जात. यंदा प्रथमच तो मोजण्यासाठी उघडला गेला. सांगलीची आत्या आली होती, न्यू जर्सीहून धाकटे काका आले होते, आणि वाटणीचा विषय कोणी तोंडातून काढला नसला तरी प्रत्येकाच्या मनात होता.

मोजणी झाली. रुपये ८६ भरले. व्हिक्टोरिया राणीचे २२, सातव्या एडवर्डचे १४, पाचव्या जॉर्जचे ३१, सहाव्या जॉर्जचे १८. उरलेला एक निराळा होता. तोही सहाव्या जॉर्जचाच, परंतु पिवळ्या पडलेल्या कागदात गुंडाळून, वर सुताचा दोरा बांधून डब्याच्या तळाशी ठेवलेला. कागदावर मोडीत दोन ओळी होत्या. घरात मोडी कोणालाच येत नव्हती. आजोबांनी ८६ पैकी एकच रुपया असा जपून ठेवला, म्हणजे तो काहीतरी मोठ्या मोलाचा असणार, हा तर्क सर्वांनीच केला आणि तो स्वाभाविकही होता. कॉलेजात जाणाऱ्या नातवाने मोबाइलवर शोध घेतला, तेव्हा 'जुना रुपया द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिरातींची रांगच त्याच्यापुढे लागली.

असे डबे या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असतील. व्यापारी घराण्यांत जुना रुपया मोडला जात नाही. तो 'लक्ष्मीचा' म्हणून राहतो. म्हणूनच नाणेसंग्रहाचा छंद आपल्याकडे पुष्कळदा छंद म्हणून सुरू होत नाही, वारसा म्हणून हाती येतो. ज्याच्या हाती येतो त्याला त्याची पारख असतेच असे नाही.

पारख हा शब्दच मुळी नाण्यांच्या व्यवहारातला आहे. जुन्या महाराष्ट्रात गावोगावी पोतदार असे. बहुधा तो सोनार असे, आणि वसुलीत येणारे नाणे खरे की खोटे, पूर्ण वजनाचे की झिजलेले, हे पाहून देणे हे त्याचे काम असे. अंकुशी, चांदवडी अशा कितीतरी टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि एका रुपयाचा दुसऱ्याशी भाव ठरवताना बट्टा लागे. सराफाचे निम्मे पोट या बट्ट्यावरच चाले. 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आजही अब्रूच्या संदर्भात आपण वापरतो. त्याचे मूळ सराफकट्ट्यावर आहे.

या विद्येचा एक फार जुना आणि आपल्याला जवळचा ग्रंथ आहे, आणि तो व्यापारी घरांत फारसा ठाऊक नाही याचे नवल वाटते. ठक्कुर फेरू हे श्रीमाळ जैन गृहस्थ दिल्लीला अलाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात चाकरीस होते आणि पुढे कुतुबुद्दीन मुबारकशाहाच्या काळात टांकसाळीच्या कामाशी त्यांचा संबंध आला. इ. स. १३१८ मध्ये त्यांनी 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ प्राकृतात लिहिला. नाण्याचे नाव, वजन, त्यातील शुद्ध धातूचे प्रमाण आणि त्याचा विनिमयभाव असा गुजरात, माळवा इत्यादी प्रदेशांतील नाण्यांचा हिशेब त्यात गाथांमधून दिला आहे. धातू गाळून शुद्ध कसा करावा हेही त्यात आहे. अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांच्या परिश्रमांमुळे या ग्रंथाचे हस्तलिखित उजेडात आले आणि १९६१ साली फेरूंच्या इतर ग्रंथांसह ते जोधपूरहून छापले गेले. कोणत्या राजाचे नाणे किती खरे होते हे राजाच्या स्तुतिपाठकाकडून कधी कळत नाही. ते टांकसाळीतल्या हिशेबनिसाकडून कळते. फेरूंनी ते कसलाही आडपडदा न ठेवता लिहून ठेवले, आणि म्हणूनच आजचे नाणेशास्त्रज्ञ त्यांचा ग्रंथ हाताशी ठेवतात.

पवईच्या डब्यातील रुपये मात्र फेरूंच्या काळापेक्षा पुष्कळ अर्वाचीन. १८३५ पासून कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, अर्थात नेमका एक तोळा. आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हे प्रमाण जवळजवळ शंभर वर्षे टिकले. त्यामुळे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या प्रत्येक रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त. वजन तेवढेच, आकार तेवढाच, पण चांदी ५.८३ ग्रॅम. पुढे १९४६-४७ ला चांदी अजिबातच गेली आणि निकेलचा रुपया आला. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया कोणी चांदीचा म्हणून दाखवला तर साधे लोहचुंबक जवळ न्यावे; निकेल त्याला चिकटते, चांदी चिकटत नाही.

हा फरक ठाऊक नसल्याने घरोघर तोटा होतो किंवा भांडण होते. पवईच्या डब्याचेच गणित पाहावे. पहिल्या तीन राजवटींचे ६७ रुपये मिळून सुमारे ७१६ ग्रॅम शुद्ध चांदी भरते आणि सहाव्या जॉर्जच्या १८ रुपयांची सुमारे १०५ ग्रॅम. एकूण ८२१. सगळे रुपये एका मापाने मोजले असते तर आकडा ९०९ पर्यंत गेला असता आणि ८८ ग्रॅम चांदी केवळ कागदावर दिसली असती. दुकानात बसणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, परंतु देवघरातला डबा उघडताना तो दुकानदार राहत नाही, ही खरी अडचण.

चांदीचा भाव हा मात्र नाण्याच्या मोलाचा तळ झाला. त्यावरचे मोल निराळ्या गोष्टींवर ठरते. एक म्हणजे दुर्मिळता. १९११ सालच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हारात जो हत्ती होता, तो आखूड सोंडेमुळे लोकांना डुकरासारखा भासला. त्यावरून असंतोष उसळला, पुष्कळसे रुपये परत घेतले गेले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असे नवे चित्र आले. त्यामुळे १९११ चा रुपया संग्राहकांना हवासा असतो. १९३९ सालचा चांदीचा रुपया त्याहून कितीतरी दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याची नक्कलही सर्वांत अधिक. १९३९ समोर आला की आनंद मानण्याआधी शेवटच्या आकड्यावर भिंग धरावे.

दुर्मिळता नेहमी सालावर ठरते असेही नाही. व्हिक्टोरियाच्या १८६२ सालच्या रुपयांची गंमत अशी की ते पुढची बारा वर्षे, १८७४ पर्यंत, त्याच सालाच्या नावाने पाडले गेले. मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष ओळखता यावे म्हणून मागील बाजूस बारीक ठिपके घातले. एकच साल, परंतु ठिपक्यांची संख्या आणि जागा निराळी. कोणाला हे वेड वाटेल; परंतु ज्याने एकदा भिंगाखाली ते ठिपके मोजले, त्याचा रविवार पुढे मोकळा राहत नाही. पवईच्या नातवाला डब्यात १८६२ चे तीन रुपये सापडले आणि तिघांचे ठिपके जुळेनात, तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत त्याने जेवणाचे टेबल सोडले नाही.

ती मुंबईची टांकसाळ आजही फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या शेजारी उभी आहे. १८२९ साली ती स्थापन झाली. जुन्या नाण्यांवर तिची खूण कधी 'बी' हे अक्षर, कधी एक ठिपका अशी असे. आजच्या नाण्यांवर सालाखाली चौकटीच्या आकाराची खूण दिसली तर ते मुंबईचे. तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. मुलांना या छंदाची गोडी लावायची असेल तर घरातल्या सुट्या पैशांपासून, या खुणांपासून सुरुवात करावी. त्याला एक पैचाही खर्च नाही. २००१ साली भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त निघालेले पाच रुपयांचे नाणे त्यात मिळाले तर उत्तमच. निर्वाणाच्या २५५० व्या वर्षानिमित्तचे शंभर रुपयांचे नाणे २१ एप्रिल २०२४ रोजी प्रकाशित झाले. ते मात्र व्यवहारात फिरणारे नसल्याने सुट्या पैशांत सापडणार नाही.

मोल ठरवणारी दुसरी गोष्ट नाण्याची स्थिती. येथेच घरातील लोक सर्वांत मोठी चूक करतात, आणि ती मायेने करतात. पवईच्या वहिनींनी गेल्या वर्षी सगळे रुपये चिंच आणि पावडर लावून लख्ख घासले होते. आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते; त्यांनी पाहिले, पण काही बोलले नाहीत. शे-दीडशे वर्षांत चांदीवर जी करडी-निळसर झाक चढते ती मळ नव्हे. ती त्या धातूची जुनी कातडी आहे, आणि जाणकार संग्राहक तिच्यासाठीच पैसे मोजतो. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली एका दिशेने गेलेले हजारो ओरखडे दिसतात. ते कधीही भरून येत नाहीत. ज्या रुपयाला चांगला संग्राहक चांदीच्या अनेक पट भाव देता, तोच घासल्यावर बहुधा चांदीच्या भावाला येतो. वहिनींना हे कळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "मामंजींनी सांगितलं असतं तर हात लावला नसता," एवढेच त्या म्हणाल्या. आत्या म्हणाली, "दादांनी कोणाला चूक दाखवली आहे का कधी?"

स्थिती मोजण्याची आज जगभर रूढ असलेली पट्टी एक ते सत्तर अशी आहे. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली ती तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी बसवली. साठच्या वरचे आकडे न वापरलेल्या, म्हणजे हातोहात न फिरलेल्या नाण्यांसाठी. सत्तर म्हणजे निर्दोष. त्याखाली 'एक्स्ट्रीमली फाइन', 'व्हेरी फाइन', 'फाइन' अशा उतरत्या पायऱ्या येतात. गेल्या तीन-चार दशकांत अमेरिकेतील काही संस्था नाणे तपासून, त्याला आकडा देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून परत देतात. त्या डबीला बाजारात 'स्लॅब' म्हणतात. आपल्याकडील लिलावांतही अशा स्लॅबना वेगळा भाव येतो. परंतु डबी पाहून खरेदी करणारा नाण्याचा संग्राहक कमी आणि आकड्याचा संग्राहक अधिक असतो. शिवाय आता खोट्या डब्याही निघू लागल्या आहेत.

आपल्या डोळ्यांनी झीज ओळखता येणे हीच खरी विद्या आहे आणि ती अवघड नाही. प्रत्येक नाण्यावर सर्वांत उंच असे दोन-तीन भाग असतात. तेच आधी झिजतात. राणीच्या रुपयात गाल आणि पोशाखावरचे नक्षीकाम, पाचव्या जॉर्जच्या रुपयात मुकुटाचा वरचा भाग आणि झग्यावरचा तो हत्ती. हत्तीचे पाय सुटे दिसतात का, एवढे पाहिले तरी अर्धी परीक्षा झाली. नाणे नेहमी कडेने धरावे, खाली मऊ कापड असावे, दिव्याखाली हळूहळू तिरके करावे. अस्सल न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्या नाण्यावर चकाकी असते, पण ती फिरत नाही.

आता एक प्रश्न उरतो, आणि व्यापारी वाचकांना त्यात विशेष रस वाटावा. जुन्या रुपयांवर पुष्कळदा लहान लहान छिन्नीचे किंवा ठशाचे घाव दिसतात. ते सराफांचे. नाणे आतून तांब्याचे नाही ना, हे पाहण्यासाठी आणि पाहिल्याची खूण म्हणून ते मारले जात. प्रतवारीच्या पट्टीवर असा घाव म्हणजे दोष; त्याने आकडा खाली येतो. मात्र विचार केला तर तो घाव म्हणजे कोण्या सराफाची साक्ष आहे : 'मी पाहिले, खरे आहे.' दोष आणि साक्ष यांतील फरक पट्टीला कळत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच सापडले. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती, सर्व क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूस राजाचा चेहरा. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या गालावर, नाकावर, लेखावर सातवाहनांची चिन्हे. नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या तोंडावर आपली मुद्रा उमटवली. रेव्हरंड स्कॉट यांनी त्या साठ्याचा अभ्यास करून १९०८ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. पट्टी लावली तर यांतील एकही नाणे चांगल्या प्रतीचे ठरणार नाही; आणि तरीही नहपान व गौतमीपुत्र यांचा काळ एकमेकांना जोडणारा एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही.

खुद्द पवई ज्या साष्टी बेटावर आहे त्या साष्टीत आणि मुंबईतही जुनी नाणी सापडलेली आहेत. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची चिमुकली नाणी, एकीकडे राजाचा मुखवटा आणि दुसरीकडे नंदी असलेली, नाशिकपासून मुंबई-साष्टीपर्यंत मिळाली. याच राजाची हलक्या धातूची नाणी घारापुरीलाही मिळाल्याने तेथील लेणी कोणाच्या काळातील, या वादात नाण्यांना साक्षीदार म्हणून उभे राहावे लागले. मात्र जमिनीत सापडलेले धन हा खासगी आनंदाचा विषय नाही, हे येथेच सांगावे. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा आजही लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. 'शेतात सापडले' असे सांगून कोणी नाणी विकायला आणली, तर भाव कितीही हलका असो, हात आखडता घ्यावा.

फसवणुकीचे मार्ग अनेक आहेत. राम-दरबार किंवा हनुमान असलेली, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल घातलेली तांब्याची 'नाणी' कंपनीने कधीही काढली नाहीत. तरी ती 'तांदूळ खेचणारी' म्हणून लाखोंना विकल्याची प्रकरणे पोलिसांत जातात. नित्याच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला अमुक देवीचे चित्र आहे म्हणून लाखोंचा भाव मिळतो, हा दुसरा प्रकार. त्यात विकणाऱ्याकडूनच आधी शुल्क, मग कर, मग कमिशन उकळले जाते, आणि पुष्कळदा रिझर्व्ह बँकेचे नाव घेतले जाते. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितले की ती अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. पवईच्या नातवाने ज्या क्रमांकाशी संपर्क साधला तेथूनही पहिली मागणी हीच आली : नोंदणीसाठी साडेसात हजार रुपये. काकांनी फोन हातातून घेतला आणि बंद केला.

खरेदी करायचीच असेल तर नोंदणीकृत लिलावगृहांकडून, पावती घेऊन करावी. त्यांच्या छापील सूची जपून ठेवाव्या. भावांचा एवढा प्रामाणिक इतिहास दुसरीकडे मिळत नाही. सूचीतील अंदाजित किंमत आणि प्रत्यक्ष बोली यांतील अंतर पाहत राहावे, आणि बोलीवर लिलावगृहाचे शुल्क व कर वेगळे पडतात हे विसरू नये. पहिली दोन वर्षे फक्त पाहावे. फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कलिना येथे विद्यापीठाच्या आवारातील नाणेसंग्रह, आणि सवड काढता आली तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था : अस्सल पाहिलेला डोळाच नकली ओळखतो.

ठेवण्याबाबत थोडेसे. पवईची हवा तलावामुळे आणि पावसाळ्यामुळे दमट. नाणी रबरबँडने बांधू नयेत. रबरातील गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे पाकीट टाळावे. काही वर्षांत त्यातून हिरवट चिकटा सुटतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या पुरेशा आहेत. पूजेसाठी दोन रुपये बाजूला ठेवावेत आणि हळदकुंकू त्यांनाच वाहावे. लक्ष्मीची त्याला हरकत नसावी.

पूजेचा उल्लेख निघाला म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. पूजेतील नाणी ही 'वैयक्तिक वापराची वस्तू', तेव्हा विकल्यास कर नाही, असा समज पुष्कळ घरांत आहे. धोलपूरच्या महाराजांनी सोन्याच्या मोहरा, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी विकल्या, तेव्हा त्या महालक्ष्मीच्या पूजेत वापरल्या जात हाच युक्तिवाद केला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली तो मान्य केला नाही. विक्रीपूर्वी आपल्या कर-सल्लागाराला विचारलेले बरे.

कायद्याचा आणखी एक काटा पवईच्या घरात थेट रुतला. धाकट्या काकांना आपल्या वाट्याचे रुपये न्यू जर्सीला न्यायचे होते. नातवंडांना दाखवायचे होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे राणीचा, एडवर्डचा एकही रुपया जाणार नाही आणि पाचव्या जॉर्जचे बहुतेक थांबणार. सहाव्या जॉर्जचे १८ तेवढे शंभरीच्या आतले. त्यांच्यासाठीही पुरातत्त्व खात्याचा दाखला जवळ असलेला बरा. आणि नेमके तेच निम्म्या चांदीचे. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चालेल. बाकीचे इथेच राहू द्या, डबा एकच राहू द्या." वजनाचा हिशेब कोणी पुन्हा काढला नाही.

राहिला तो कागदातला रुपया. नातवाने तो मिठाईच्या दुकानातील नव्हे, सराफाच्या काट्यावर तोलला : ९.८ ग्रॅम. दोन ग्रॅम झीज एवढी ठळक अक्षरे ठेवून होत नाही. मग घरीच दुसरी परीक्षा झाली. रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून पुन्हा तोलायचा. हवेतील वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागायचे. जुन्या बंद्या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास येते, युद्धकाळातील निम्म्या चांदीच्या रुपयाचे साडेनऊच्या. याचे उत्तर साडेसातच्याही खाली आले. भिंगातून कडेवर ओतकामाचा बारीक सांधा दिसला. १९४० नंतरच्या रुपयांच्या कडेवर जी सुरक्षेची नक्षी असते ती अर्धीच होती. टेबलावर टाकला तर आवाज बद्द. रुपया खोटा होता, आणि ओबडधोबड खोटा होता. बार्शीच्या बाजारात चाळीस वर्षे रुपये मोजलेल्या माणसाला ते कळले नसेल हे शक्यच नव्हते.

आत्याने कागदाचे छायाचित्र सांगलीच्या शेजाऱ्यांना, मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना, पाठवले. नरकचतुर्दशीच्या सकाळी त्यांचे उत्तर आले. दोन ओळी अशा होत्या : 'खोटा आहे. पदरी पडला. पुढे देऊ नये.'

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत शेवटचा प्रतिरूपक-व्यवहार. जुन्या टीकाकारांनी त्याचा अर्थ बनावट सोन्या-रुप्याने दुसऱ्यास फसवून केलेला व्यवहार असा दिला आहे. आजोबांनी या विषयावर घरात कधी काही सांगितल्याचे कोणाला आठवत नव्हते. त्या काळी एका रुपयाला किती धान्य येई याचा मात्र मोठ्या काकांना अंदाज होता. ते तो मोठ्याने बोलले नाहीत.

वाटणीच्या यादीत ८५ रुपये लिहिले गेले. शहाऐंशीवा कोणाच्याच नावावर पडला नाही. आत्याला तो हवा होता, धाकट्या काकांनाही हवा होता, आणि नातवाने तर त्यासाठी आपल्या ठिपक्यांच्या तीन रुपयांवर पाणी सोडण्याची तयारी दाखवली. शेवटी वहिनींनी तो त्याच कागदात गुंडाळला, तोच दोरा बांधला आणि डब्याच्या तळाशी जिथे होता तिथे ठेवला. या खेपेस त्याला कोणी घासले नाही.